बाळंतिणीला घेऊन या

चैत्र अर्धाही सरला नव्हता, तरी सोलापूर तापलं होतं. भिंती रात्रभर ऊन ओकत राहायच्या, आणि पहाटे जरा कुठं अंगाला गार लागतंय म्हणेस्तोवर सूर्य पत्र्यावर येऊन बसायचा. म्हणून भवानी पेठेतल्या आपल्या दोन खणांच्या घरात दानम्मा तांबडं फुटायच्या आतच तवा टाकायची. शाळूचं पीठ, आधणाचं पाणी, काटवट. भाकरी थापायची ती कागदासारखी पातळ, दोन्ही अंगांनी शेकायची, आणि मग आचेच्या कडेला उभी करून ठेवायची, पार वाळून कडकडीत होईपर्यंत. अशी भाकरी महिनाभर टिकते. पेठेतल्या दोन दुकानांना ती रोज कडक भाकरी घालायची. नवरा गेल्यापासून तिचं त्यावरच चाललं होतं. पण सकाळच्या पहिल्या भाकरी दुकानाच्या नसायच्या. त्या धुतल्या फडक्यात बांधून, वर शेंगाचटणीचा डबा ठेवून ती नऊच्या सुमाराला दवाखान्याच्या वाटेला लागायची.

तिथं दुसऱ्या मजल्यावर दिवस भरायच्या आत जन्मलेली, मूठभर वजनाची बाळं ठेवतात. त्या विभागाच्या पाटीवर लांबलचक इंग्रजी नाव आहे. लोक त्याला काच म्हणतात. आमचं बाळ काचेत आहे, म्हणतात, आणि पुढं काही बोलत नाहीत. दाराबाहेर व्हरांडा, त्यात बाकडी कमी आणि माणसं जास्त. कुणी करमाळ्याचं, कुणी अक्कलकोटचं. कुठला कागद कुठल्या खिडकीवर द्यायचा ते कुणाला ठाऊक नसतं. कुणाला डॉक्टर काय म्हणाले ते कळलेलं नसतं, आणि पुन्हा विचारायची भीती वाटते. कुणी तीन-तीन दिवस नुसत्या चहावर काढतं. दानम्मा त्यांच्यात जाऊन बसायची. भाकरी मोडून हातावर ठेवायची, अंघोळीची सोय कुठं आहे ते दाखवायची, दूध वाटीत कसं काढायचं ते नव्या आयांना समजवायची. तिला कुणी नेमलेलं नव्हतं. सात वर्षं झाली, तिला कुणी अडवलंही नव्हतं.

दारावर मल्लप्पा असायचा. तिला बघितलं की त्याचं सुरू व्हायचं.

"मावशी, काल चटणी लई जाळ होती. डोळ्याला पाणी आलं माझ्या."

"बरं झालं की. एरवी कशानं येतंय तुझ्या डोळ्याला पाणी?"

त्या दिवशीही एवढं बोलून ती आत वळली, तर चार दिवसांपासून दिसणारी एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. सांगोल्याकडच्या वाडीवरची धनगराची बाई, मायाक्का. कपाळाला भंडारा, दाताला मिस्री. शेजारी तिचा लेक बिरप्पा, तेविशीचा, दवाखान्याचे कागद छातीशी धरून बसलेला. त्याचं पहिलं पोर सातव्या महिन्यात वस्तीवरच झालं होतं. मुलगा, अकराशे ग्रॅमचा. गाडीनं आधी सांगोला आणि तिथून इथं आणलं. बाप आला, आजी आली. बाळाची आई मात्र वाडीवरच राहिली होती, सोबतीला तिची आई येऊन राहिली होती.

दार उघडून भार्गवी सिस्टर बाहेर आली. "वैजंताच्या बाळाचं कोण आहे?" काचेतल्या बाळाला अजून नाव नसतं, ते आईच्या नावानं ओळखतात.

बिरप्पा उभा राहिला.

"आज पाचवा दिवस. आई कुठाय?"

बिरप्पानं आपल्या आईकडं बघितलं. मायाक्का बसल्या जागेवरनंच म्हणाली, "बाळंतीन घरी हाय. कुटं आसनार?"

"आजी, बाळाला तिचं दूध पाहिजे. आणि नुसतं दूध नाही, तीच पाहिजे. छातीशी धरलं की त्याचा श्वास बरा चालतो, अंग गरम राहतं. तीन दिवस सांगतेय मी."

"बारा दिस उंबरा वलांडायचा न्हाय बाळंतिनीनं. आमच्यात काडीत न्हाईत. आन् ह्या उनात, ऐंशी किलोमीटर?"

भार्गवीनं दानम्माकडं बघितलं. "मावशी, तुम्ही बघा जरा," म्हणाली आणि आत गेली. आत सतरा बाळं होती.

दानम्मा मायाक्काशेजारी बसली. अशा सासवा, अशा आया तिनं पुष्कळ बघितल्या होत्या. कुणाला समजावून, कुणाला लाजवून, कुणाला डॉक्टरचा धाक घालून ती बाळंतिणीला आणायला लावायची. तिनं भाकरी मोडून पुढं केली. मायाक्कानं घेतली नाही.

"तुमची मेंढरं किती हायत?"

"हायत चाळीस."

"एकादं कोकरू अशक्त झालं तर काय करता? आईपासनं तोडून लांब ठेवता?"

बिरप्पानं मान वर केली. "न्हाय. पोटाखालीच ठेवतो की."

"तू गप," मायाक्का म्हणाली. मग दानम्माकडं वळली. "मेंढीला वारं लागत न्हाय, बाई. बाईमानसाला लागतं. बाळ तर हितं आडकलंय, आन् उद्या ती बी तापानं फनफनली, तर दोनी जातील. मग तुमी येनार का आमची मेंढरं राकायला?"

"तसं न्हाय हो."

"मग कसं? लोकाच्या सुनंला भायेर काडा म्हनायला काय जातंय? तुमाला लेक हाय का न्हाय?"

"हाय."

"तिला काडली आसती का आशी? वली बाळंतीन?"

दानम्मानं भाकरीचा तुकडा परत फडक्यात ठेवला. सात वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. विचारायची वेळच तिनं येऊ दिली नव्हती.

"न्हाय काढली," ती म्हणाली.

"मग?"

"म्हणून तर हितं बसते."

मायाक्कानं तोंड फिरवलं नाही. दानम्मा खाली फरशीकडं बघत बोलायला लागली. आवाज नेहमीचाच होता, भाकरीचं पीठ कसं मळायचं ते सांगावं तसा.

महेश्वरी तिची एकुलती लेक. अक्कलकोटला दिलेली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, आणि साडेसात महिन्यांतच मोकळी झाली. मुलगी झाली. तिला एका दवाखान्यात काचेत ठेवलं आणि महेश्वरीला तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. दानम्मानं खोली तयार ठेवली होती. खिडकीला गोधडी, बाजेखाली शेगडी, ओव्या-शेपाची धुरी. लेकीचे कान बांधले, दार लावून घेतलं.

"आमच्या लिंगायतांत विटाळ मानत न्हाईत. मी बी मानत न्हाय. पण वाऱ्याला भ्यायची मी. माझी थोरली बहीण बाळंतपणात तापानं गेली, माझ्या डोळ्यादेखत. माझी लेक तशी जाऊ देणार न्हवते मी."

"बराबर हाय की मग," मायाक्का म्हणाली.

"जावई शिवानंद रोज दूध घेऊन जायचा. ती रोज म्हणायची, अव्वा, मला एकदा जाऊन येऊ दे. मी म्हणायची, बारा दिवस होऊ देत. मग बस घेऊन जन्मभर."

बिरप्पा आता पुढं सरकून ऐकत होता.

"अकराव्या दिवशी दुपारी शिवानंद रिक्षानं आला, तो गल्लीच्या तोंडाशीच थांबला. मला हाक मारली. त्याच्या मांडीवर दुपटं होतं. म्हणाला, एकदा महेश्वरीला दाखवू या. मी म्हटलं, न्हाय. धसका घेईल, दूध डोक्यात जाईल तिच्या. हितनंच न्या. त्यानं दोनदा विचारलं. मी दोनदा न्हाय म्हटलं. मग रिक्षा आमच्या मसणवट्याकडं, रुद्रभूमीकडं वळली."

मायाक्काचं मिस्रीचं बोट ओठाशी थांबलं होतं.

"आन् लेक?"

"तिला दोन दिवस सांगितलंच न्हाय. तिचं वाटीत दूध काढणं चालूच. मी वाटी घ्यायची आन् म्हणायची, पाठवते. मोरीत वतायला हात होईना. जास्वंदीच्या बुडात वतायची. चार येळा दिवसातनं. तिसऱ्या दिवशी सांगितलं, तर रडली न्हाय ती. म्हणाली, अव्वा, दोन दिवस माझं दूध कुणाला पाजलंस?"

व्हरांड्यातून कुणीतरी औषधांची ढकलगाडी नेली. तिचं एक चाक घासत होतं. ते लांब जाईपर्यंत ऐकू येत राहिलं.

"मग दीड महिन्यानं सासरी गेली," दानम्मा म्हणाली. "दुसऱ्या बाळंतपणाला आली न्हाय माझ्याकडं. मुलगा झाला, तिकडंच. हितनं सासरी जायच्या दिवशी एवढंच विचारलं होतं तिनं, कुणासारखी होती गं? मी म्हटलं, तुझ्यासारखी. खोटं बोलले. मी दुपट्याचा पदर उचलून बघितलंच न्हवतं, मायाक्का."

मायाक्कानं विचारलं, "आमची बाळंतीन आली, तर पोर जगंल का?"

"ते मला ठाऊक न्हाय. डॉक्टरला बी न्हाय."

"मग कशापायी आनायची?"

"ती त्याला बघंल. त्यो तिच्या अंगावर निजंल. एवढंच मला सांगता येतंय."

मायाक्कानं पदरानं तोंड पुसलं, मिस्री पुसली, भंडाराही थोडा पुसला गेला. "बिऱ्या," ती म्हणाली, "फोन लाव तुज्या सासूला. म्हनावं, कान बांदून आन तिला. गोदडीत गुंडाळून. आन् गाडीच्या काचा वर घ्याय सांग."

दुसऱ्या दिवशी दुपारी पिकअप आली. मागं गवत टाकून त्यावर दोन गोधड्या अंथरल्या होत्या, आणि वैजंता तिच्या आईला टेकून बसली होती. विशीची पोर, ओठ सुकलेले, कान स्कार्फनं करकचून बांधलेले. जिना चढताना भिंत धरून चढली. दानम्मानं तिला कोपरापर्यंत हात धुवायला लावले, नखं बघितली, बांगड्या काढून पदरात बांधून दिल्या.

"मला भ्या वाटतंय," वैजंता म्हणाली. "लई बारीक हाय म्हनं."

"बारीक हाय. पण तुला वळखंल. आवाज वळखतंय म्हणे सगळ्यात आधी."

"मी काय बोलू त्येच्याशी?"

"मेंढराशी बोलतीस न्हवं? तसंच बोल."

पोरगी कसनुशी हसली आणि आत गेली. दाराच्या वरच्या अर्ध्या भागाला काच होती. तिच्यातून भार्गवी सिस्टर दिसत होती, पेटी उघडताना, नळ्या सावरताना. तिनं बाळ उचललं आणि वैजंताच्या उघड्या छातीवर ठेवलं, वरनं कापड ओढलं. कापडाच्या वर फक्त टोपीचं टोक राहिलं. वैजंतानं हनुवटी खाली घेतली आणि मग अर्धा-पाऊण तास तिनं मान वर केली नाही. तिचे ओठ मात्र हलत होते.

दानम्माला तिथं उभं राहवेना. ती व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. मायाक्का हळूहळू तिच्यामागं आली.

"द्या ती भाकरी," म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मागितली तिनं. एक तुकडा तोंडात टाकला आणि तशीच बसली. "फरशी भाजलीया का काय ही? दात न्हाईत मला."

"पाण्यात बुडवा. आधी सांगायचं न्हाई का?"

"तुमी आदी इचारायचं की."

वैजंता आयांच्या खोलीत राहिली. त्या दिवशी तीनदा आत गेली, दुसऱ्या दिवशी पाचदा. भार्गवी म्हणाली, बाळाचा श्वास जरा लयीत चाललाय. बिरप्पानं सगळ्या व्हरांड्याला ते सांगितलं. खाली जाऊन त्यानं निळी टोपी आणली, मोसंब्याएवढ्या डोक्याला मोठी होईल अशी. दानम्मानं स्वतःला बजावलं होतं, आशा धरायची नाही. पण संध्याकाळी घरी जाताना वाटेत मारुतीच्या देवळापाशी ती थांबली, एरवी थांबत नसे.

तिसऱ्या सकाळी ती फडकं बांधून जिना चढली, तर मल्लप्पानं तिखटाचं काही काढलं नाही. तो खाली बघून खुर्ची सरळ करत राहिला.

बाकावर वैजंता बसली होती, मांडीवर दुपटं. पहाटेपासून बाळ दमत गेलं होतं. डॉक्टर होते, सगळं केलं. शेवटी भार्गवीनंच विचारलं होतं, घेतेस का जवळ? आणि वैजंतानं घेतलं होतं. तिच्या अंगावरच ते थांबलं.

बिरप्पा भिंतीकडं तोंड करून उभा होता. मायाक्कानं दानम्माला बघितलं आणि उठली.

"आली बगा," ती साऱ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशी म्हणाली. "हिनं सांगितलं म्हनून आनली मी. उनातनं, वाऱ्यातनं. ते वारं घेऊन सून आत गेली, आन् ते पोराला लागलं. पाच दिस चांगलं हुतं. हिच्या लेकीचं गेलं, म्हनून हिनं आमचं बी घालवलं."

बाकड्यावरची माणसं बघायला लागली. कालपर्यंत भाकरी घेणारी एक बाई लेकराला जवळ ओढून सरकून बसली. दानम्मा हातातलं गाठोडं धरून उभी राहिली. वारं आत आलं असेल का? नाही, असं भार्गवी शंभर वेळा म्हणाली असती. दानम्माच्या मनात मात्र तो प्रश्न शिरला होता, आणि तो आता निघणार नव्हता.

"आत्या, गप ऱ्हावा," वैजंता म्हणाली.

"काय गप ऱ्हाऊ?"

"गप ऱ्हावा. माज्या अंगावर हुतं त्ये. मला म्हाईत हाय."

मायाक्का खाली बसली आणि पदरात तोंड घालून मोठ्यानं रडायला लागली. बिरप्पा तिच्याजवळ जाऊन उकिडवा बसला. काय करायचं ते न सुचून त्यानं आईच्या पाठीवर नुसता हात ठेवला.

वैजंतानं दानम्माकडं बघितलं. डोळे कोरडे होते तिचे. "मावशी, हितं बसा." दानम्मा बसली. "कान माज्यावानी हुतं त्येचं. बारीक, टोकाला जरा दुमडल्यालं. आन् डाव्या कानामागं तीळ हाय. ह्यांनी न्हाय बगितला. सिस्टरनं बी न्हाय. मला काल घावला." तिनं दुपट्याचा पदर बाजूला केला. "बगा."

सात वर्षांपूर्वी गल्लीच्या तोंडाशी उभी होती तशीच दानम्मा क्षणभर झाली, सगळं अंग मागं ओढणारी. मग ती वाकली. निळी टोपी कपाळावर सरकली होती. मिटलेले डोळे, नाकावर नळीच्या चिकटपट्टीची खूण, दुमडलेला कान. वैजंतानं बोटानं तो कान हलकेच पुढं केला. तीळ होता, मोहरीहून बारीक.

"हाय," दानम्मा म्हणाली. "बघितला मी."

पिकअप आली तेव्हा मायाक्का तिच्याकडं न बघता जिना उतरून गेली. बिरप्पानं दोन्ही हात जोडले, आणि तेही अर्ध्यातच सोडून तो आईमागं धावला. दानम्मानं गाठोडं मल्लप्पाजवळ दिलं. "वाटून टाक," म्हणाली. भर उन्हात ती चालतच घरी आली.

घरी येऊन तिनं चप्पल काढली नाही, पाणी प्यायली नाही. फोन घेऊन चुलीजवळच्या पाटावर बसली. महेश्वरीला ती सोमवारी फोन करायची. जेवलीस का, तिकडं ऊन कसं, पोराची शाळा कशी, एवढं बोलून झालं की दोघी गप्प व्हायच्या आणि कुणीतरी ठेवते म्हणायची. आज गुरुवार होता.

"अव्वा? काय झालं? बरी आहेस ना?"

"बरी हाय. तुला एक सांगायचंय."

"सांग की."

"तुझी मुलगी." त्या बाळाला नाव नव्हतं, काय म्हणून बोलायचं तेही ठरलेलं नव्हतं. "ती तुझ्यासारखी होती म्हटलं होतं मी. मी बघितलं न्हवतं, महेश्वरी. दुपटं उघडलंच न्हवतं मी."

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी. कुणीतरी गॅस बंद केला.

"मग सात वर्षं मी कुणाचा चेहरा आठवत बसले?" महेश्वरी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आरशात बघून मी ठरवलं होतं, नाक असं असेल, हनुवटी अशी असेल."

"मला माफ कर म्हणत न्हाय मी."

"म्हणू नकोस."

"शिवानंदनं बघितलंय. अकरा दिवस त्यानं काचेतनं बघितलंय तिला. त्याला विचार."

"त्यांना कसं विचारू, अव्वा? त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मीही नाही काढला. एका घरात राहतो आम्ही."

"विचार," दानम्मा म्हणाली. "एकदाच विचार. कानामागं बघितलं होतं का, म्हण."

महेश्वरी रडायला लागली. सात वर्षांत आईला तिचं रडणं ऐकू आलं नव्हतं. दानम्मानं फोन कानाला तसाच धरून ठेवला. बऱ्याच वेळानं तिकडून पोराची हाक आली, आई, भूक लागली. महेश्वरीनं नाक ओढलं आणि "वाढते," म्हणाली, कुणाला ते कळलं नाही. फोन बंद झाला.

गल्लीत घागरींचा आवाज उठला. शेजारची शिवलीला दारातून ओरडली, "दानक्का, नळ आला की. झोपलाव का काय? आता गेला तर पाच दिवस तोंड दाखवायचा न्हाय."

"आले," दानम्मा म्हणाली.

तिनं पदर खोचला, कोनाड्यातनं नळी काढली आणि एक टोक नळाला बसवलं. पहिलं पाणी गढूळ येत होतं, ते तिनं बादलीत सोडलं. ते निवळेपर्यंत घागरी पुढ्यात ओढून राखेनं घासायला बसली.